अहिराचे बिऱ्हाड

दिवाळीच्या दिवसांत आमच्या पालीत अंगणोअंगणी किल्ले उठतात. वर खराखुरा सरसगड उभा असताना खाली पोरे गोणपाट चिखलात बुचकळून त्याचे बुरूज करतात, उतारावर मोहरी पेरतात, माथ्यावर महाराजांना बसवतात आणि पायथ्याशी एक गुहा कोरून तिच्यात मातीचा वाघ ठेवतात. त्या गुहेकडे वाचकांनी कधी नीट पाहिले आहे का? तिचे तोंड ऐसपैस असते, ते रस्त्याकडे असते आणि आत पणती लावलेली असते. वाघ शेपटीच्या टोकापर्यंत दिसला पाहिजे! ही गुहा वाघासाठी नसतेच मुळी, बघणाऱ्यांसाठी असते. मातीचा वाघ तक्रार करीत नाही, म्हणून सारे निभावते. जिवंत प्राण्यासाठी गुहा करायची वेळ आली म्हणजे मात्र हे सगळे शास्त्र उलटे करावे लागते.

गेल्या पावसाळ्यात ती वेळ आमच्या कुटुंबावर आली. प्राणी होता अहिर.

अहिर म्हणजे गोड्या पाण्यातला, सापासारखा दिसणारा मासा. मुंबईच्या बाजारात मिळते ती वाम समुद्रातली, ती वेगळी. देशावरच्या नद्यांतली वांबट तीही वेगळी. तिच्या पाठीवर काट्यांची रांग असते आणि अहिराच्या गोत्राशी तिचा संबंध नाही. शास्त्रज्ञ अहिराला अँग्विला बेंगालेन्सिस म्हणतात. पिवळट तपकिरी अंगावर काळसर ठिपक्यांची नक्षी, कानाशी दोन इवलेसे पर, आणि पाठीवरून निघून शेपटीला वळसा घालून पोटाखाली येणारी एकच सलग झालर. खवले असतात, पण इतके बारीक आणि कातडीत इतके रुतलेले, की हाताला लागतो तो नुसता बुळबुळीतपणा. नावात मला संस्कृतातला ‘अहि’ ऐकू येतो. भाषा शिकवणाऱ्याच्या कानांना असले भास होतच असतात.

या प्राण्याचे चरित्र मात्र कोणत्याही कादंबरीकाराने हेवा करावा असे आहे. त्याचा जन्म हिंदी महासागरात होतो. अंड्यातून निघालेले पिल्लू पानासारखे चपटे आणि आरपार दिसणारे असते. प्रवाहाबरोबर वाहत किनाऱ्याला लागेपर्यंत त्याचा काचेचा दोरा होतो. तो दोरा धरमतरच्या खाडीतून आमच्या अंबा नदीत शिरतो, नागोठण्याच्या बंधाऱ्यासारखे अडथळे ओल्या दगडांना चिकटून चढतो आणि वरच्या डोहांत येऊन राहतो. तेथे दिवसा बिळात, रात्री शिकारीवर, अशी वर्षांमागून वर्षे जातात. मग एका पावसाळ्यात त्याचे खाणे सुटते, आतडे आक्रसते, डोळे मोठे होतात, पोटाला रुपेरी झाक येते, आणि पुराच्या पाण्याबरोबर तो समुद्राकडे निघतो. अंडी घालायची आणि मरायचे. परत येणे नाही. ॲरिस्टॉटलला वाटले होते की हे मासे चिखलातून आपोआप उपजतात. युरोपातल्या अहिराचे माहेर अटलांटिकच्या सारगासो समुद्रात आहे, हे योहानेस श्मिट या डेन्मार्कच्या संशोधकाने १९२२ साली जाहीर केले, तेव्हा त्याच्या शोधाला जवळजवळ अठरा वर्षे झाली होती. ज्याला लपण्याची एवढी हौस, त्याचा पत्ता लागायला तेवढा वेळ लागणारच.

आता आमच्या घरातली हकीकत. माझा भाचा गावातच राहतो आणि एका कारखान्यात पाळीवर जातो. आठ वर्षांपूर्वी नदीतल्या कोळंबीच्या टोपलीत त्याला पेन्सिलीएवढे एक पिल्लू सापडले. ते लोणच्याच्या बरणीतून बादलीत गेले, बादलीतून टबात, आणि शेवटी ओटीवरच्या सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच अशा काचेच्या टाकीत. आज ते सव्वातीन फुटांचे आणि मनगटाएवढे जाड आहे. गांडुळे खाते, खेकडे खाते, कोळंबीसाठी तर हातापर्यंत येते. रात्रपाळीचा माणूस आणि रात्री जागणारा मासा यांचे मेतकूट जमले तर नवल काय!

लपायला म्हणून भाच्याने आधी एक फुटका माठ दिला होता. अहिर वाढला, माठ पुरेना. मग त्याने नदीतले गोटे आणून वाळूवर एकावर एक रचले आणि झकास गुहा केली. ऐसपैस तोंडाची, थेट खुर्चीसमोर. म्हणजे दिवाळीचा किल्लाच! पण अहिर रात्री नाकाने आणि शेपटीने वाळू उपसतो. पाया उकरला गेला, आणि एका रात्री वरचा गोटा घरंगळला तो काचेपासून बोटभर अंतरावर थांबला. टाकीत दीड फूट पाणी धरले तरी सुमारे ५०० लिटर होते, म्हणजे अर्धा टन. काच तडकली असती तर ओटीचा डोह झाला असता. घाबरून भाच्याने सगळे दगड काढले आणि टाकीत प्लास्टिकची दोन झाडे तेवढी ठेवली.

तिसऱ्या रात्री अहिर घर सोडून गेला.

झाकणात पंपाची नळी जाण्यापुरती फट होती, तेवढी त्याला पुरली. पहाटे बहीण पाणी तापवायला गेली तो मोरीत वेटोळे! तिच्या किंकाळीने शेजारचे काका काठी घेऊन धावले. काठी वर गेलेली, आणि त्याच क्षणी भाचा रात्रपाळी आटोपून दारात. “काका, मारू नका! आपला आहे तो!” असे तो ओरडला. “आपला साप?” म्हणून काका थबकले, तेवढ्यात याने ओले पोते टाकून त्याला उचलले. अहिर जगला तो दोन कारणांनी. एक म्हणजे तो कातडीतूनही श्वास घेतो, अंग ओले राहिले तर बराच वेळ पाण्याबाहेर टिकतो. आणि दुसरे, महिना जुलैचा होता, पालीच्या जुलैत कोरडी म्हणून जागा सापडत नाही. पण अंगाला दोन ठिकाणी खरचटले होते. ही जखम साधी नसते. अहिराचा बुळबुळीत लेप हेच त्याचे चिलखत. तो निघाला की तेथे बुरशी धरते.

संध्याकाळी बहिणीने मला बोलावून घेतले. “दादा, तूच सांग याला. एकतर त्या मुक्या जिवाला पक्कं घर कर, नाहीतर नदीत नेऊन सोड. तिसरं मला चालायचं नाही.” खरचटलेला मासा पुरात सोडणे म्हणजे त्याला मारणेच होते. तेव्हा पक्के घर करायचे ठरले. भाच्याचे हात आणि माझी पुस्तके, अशी ती भागीदारी होती.

पुस्तकांच्या आधी मी एका म्हाताऱ्या कातकरीबाबांना गाठले. अंबेच्या काठी त्यांचा जन्म गेला. कपारीत हात घालून अहिर आहे की नाही ते ते सांगतात. त्यांनी टाकी पाहिली आणि मान हलवली. “सर, त्याला मोकळी जागा कशाला? त्याला अंगाला भिंत लागते. पोटाला भिंत, पाठीला भिंत. मोकळा पडला का त्याला वाटतंय, कुनीतरी खाईल.” मग त्यांनी मूठ जवळजवळ मिटून बिळाचा आकार दाखवला. अंगापेक्षा थोडेसेच मोठे.

परत येताना ‘आसरा’ हा शब्द मनात घोळत होता. आपल्याकडे डोहात साती आसरा राहतात, म्हणून तेथे पोरांना उतरू देत नाहीत. त्या आसरा म्हणजे अप्सरा. आणि निवाऱ्याचा आसरा म्हणजे आश्रय. दोन शब्द दोन वाटांनी आले आणि मराठीत एकाच उच्चाराला येऊन मिळाले. योगायोगच, पण अर्थपूर्ण. जेथे माणूस आसरांच्या धाकाने जाळे टाकत नाही, तेथे माशांना आसरा मिळतो. आमच्याच रायगड जिल्ह्यात महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे. वरदायिनी देवीचे मासे म्हणून तेथे कुणी मासे धरीत नाही, आणि चुरमुरे टाकले की ते थव्याने वर येतात. लपायची हमी असली की प्राणी लपून बसत नाही, ही गोष्ट मला तेथे आठवली असती तर पुढे भाच्याला धीर देताना उपयोगी पडली असती. पण ते पुढे.

पुस्तकांत मला एक अनपेक्षित सल्लागार भेटला. कॉल्युमेला हा पहिल्या शतकातला रोमन शेतीतज्ज्ञ. त्या काळी रोमन धनिकांना समुद्रकाठी तळी बांधून मुरीना जातीचे अहिरासारखे मासे पाळण्याचे भारी वेड होते. क्रॅसस नावाचा एक मोठा वक्ता आपली लाडकी मुरीना मेली तेव्हा ढसढसा रडला, आणि त्यावरून त्याला टोमणे ऐकावे लागले, अशी कथा आहे. तर हा कॉल्युमेला सांगतो की तळ्याच्या भिंतींत माशांसाठी कोनाडे ठेवा. खवलेवाल्या माशांसाठी साधे आणि सरळ, पण मुरीनांसाठी शंखासारखे पिळाचे, आणि फार प्रशस्त नकोत. जुन्या रोमन तळ्यांच्या भिंतींत मातीचे रांजण आडवे चिणलेले सापडतात, तेही याच कामासाठी. कातकरीबाबांची मूठ आणि कॉल्युमेलाचे लॅटिन एकच बोलत होते. अरुंद हवे आणि वळणाचे हवे. आरपार उजेड दिसता कामा नये.

बांधकामासाठी गावातल्या गवंड्याला बोलावले. त्याची पहिली सूचना अस्सल पालीची होती. बल्लाळेश्वराच्या देवळाचे दगड शिसे ओतून सांधले आहेत, असे इथे लहान पोरही सांगते. “तसंच करू, हजार वर्षं हलायचं नाही!” देवळाला शिसे शोभते, पण पाण्यात ते विष आहे. सिमेंट म्हणावे, तर नव्या सिमेंटमधून चुना सुटतो आणि मासे मरतात. त्यावर गवंड्यालाच इलाज माहीत होता. टाकी भरून तीत केळीचे खांब कुजत टाकायचे, पाणी पुन्हापुन्हा बदलायचे, की दोनतीन आठवड्यांत चुना मरतो. पण तेवढी सवड कुणाला होती? अहिर एका झाकणाच्या पिंपात प्लास्टिकच्या नळाचा तुकडा धरून बसला होता.

प्लास्टिकचा नळ टाकीत का चालू नये, असे कुणी विचारील. लहान माशाला चालतो. पण हा गडी अंगाची कमान करून रेटा देतो तेव्हा हलका नळ टाकीभर फिरतो, आणि फिरणाऱ्या घरात कुणाला झोप लागणार? शेवटी वस्तू सापडली ती पाडलेल्या एका जुन्या घराच्या मागे. मोरीचे चिनीमातीचे नळ! आतून बाहेरून झिलई केलेले, आतला व्यास चार इंच. एक अख्खा दोन फुटी, एक फुटून फूटभर उरलेला, आणि एक कोपऱ्याचे वळण. पाण्यात काही सोडत नाहीत, अंगाला खरखरीत लागत नाहीत आणि वजनाला जड. फुटका नळ गिलावा घासण्याच्या दगडाने गुळगुळीत केला आणि ती बाजू वळणाच्या गळ्यात दडवली. तिन्ही मिळून अहिराच्या लांबीएवढी काटकोनी वाट झाली, दोन्ही टोकांना तोंड असलेली. दोन तोंडे हवीतच. अहिर उलटाही पोहतो, पण मागची वाट बंद असली की घाबरतो.

छप्पर कशाचे करावे? अंगणात शहाबादी फरशीचे तुकडे पडले होते. त्यावर लिंबाचे दोन थेंब पिळले तर बारीक बुडबुडे आले. म्हणजे दगड चुन्याचा, पाण्याचा कस बदलणारा. आमचा काळा कातळ लिंबाला दाद देत नाही. हे बोलणे चालले होते तोच बहीण आतून जुना पाटा घेऊन आली. मिक्सर आल्यापासून तो भिंतीशी उभा होता. “यावर आईनं वाटण वाटलं. निदान कुणाच्या डोक्यावर छप्पर तरी होईल,” ती म्हणाली. साधारण वीस शेर वजनाचा तो काळाभोर दगड पाहून गवंडी खूश झाला.

आता खरी मख्खी. हे सगळे वाळूवर ठेवायचे नाही. वाळू आधी घालून वर दगड मांडले की अहिर पाया उकरणार. गोट्यांचे तेच झाले होते. म्हणून आधी रिकाम्या टाकीच्या काचेवर जाड प्लास्टिकचा पत्रा पसरला, की दगडाचा कोपरा काचेत बोचू नये. त्यावर नळ ठेवले. दोन्ही बाजूंना नळापेक्षा उंच असे कातळाचे घडीव ठोकळे, आणि पाटा त्या ठोकळ्यांवर. पाट्याचा भार नळाने वाहायचा नाही; नळ फुटला तर आत कोण आहे याचा विचार करा. ठोकळे आणि नळ यांमध्ये चिपा ठोकून सिलिकॉनने चिकटवल्या. सिलिकॉन मत्स्यालयाचे साधे घ्यायचे. न्हाणीघरासाठी जे मिळते त्यात बुरशीनाशक असते, आणि बुरशीला मारणारे माशालाही सोडत नाही. ते दोन दिवस सुकवले, शिर्क्यासारखा वास जाईपर्यंत टाकी धुतली, आणि सगळ्यात शेवटी वाळू घातली. आता उकर म्हणावे हवे तेवढे! पंपाची धार एका तोंडावर सोडली, म्हणजे आतली घाण दुसऱ्या तोंडाने निघते.

पाणी भरण्यापूर्वी गवंडी भाच्याला म्हणाला, “नळात हात घाला आणि सगळी ताकद लावून हिसडा मारा. तुम्हाला हललं नाही तर त्याला हलणार नाही.” भाच्याने दात-ओठ खाऊन हिसडे मारले. पाटा जागचा हलला नाही. झाकणाला लोखंडी चौकट केली, नळीच्या फटीला जाळी बसवली. अहिराच्या बाबतीत हिशोब सोपा आहे; डोके जिथून गेले तिथून अहिर गेला.

त्याला सोडला तो ऑगस्टच्या एका संध्याकाळी. तो तळाशी पसरला, काचेच्या चारी कडा नाकाने चाचपत गेला, पाट्याखाली पोहोचला आणि क्षणभर थांबून शेपटीकडून नळात शिरला. भाड्याची खोली बघायला आलेल्या माणसासारखा तो आधी आत फिरून बाहेर डोकावेल, असे मला वाटले होते. छे! तो गेला तो गेलाच. नऊ दिवस कुणाला दिसला नाही. टाकलेली कोळंबी सकाळी नाहीशी होई, एवढाच पुरावा. भाचा हिरमुसला. “मामा, मी दगडाच्या पेटीला पोसतोय!”

दहाव्या दिवशी तो पहाटे घरी आला तेव्हा नळाच्या तोंडातून डोके बाहेर होते. दिवा लावला तरी ते आत गेले नाही. आता रोज दिवेलागणीला तो वीतभर बाहेर येऊन बसतो. बहिणीने ओटीवर केर काढला तरी हलत नाही. उघड्या टाकीत होता तेव्हा तो सबंध दिसत असे, पण कसा? कोपऱ्यात नाक खुपसून, श्वास धापा टाकल्यासारखा. आता चतकोर दिसतो, पण अहिर दिसतो. अंगावरच्या जखमा गणपतीपर्यंत भरून आल्या. वाळणकोंडच्या माशांची आठवण मला तेव्हा झाली, आणि भाच्याला ती सांगितली तर तो म्हणाला, “हे नऊ दिवसांपूर्वी सांगायचं होतं ना!”

एक प्रश्न राहतोच. स्वीडनमध्ये ब्रांटेविक गावातल्या एका मुलाने १८५९ साली विहिरीत अहिर सोडला. पाण्यातले किडे तो खातो म्हणून तशी तिकडे पद्धत होती. तो अहिर २०१४ साली मेला, म्हणजे १५५ वर्षे विहिरीत राहिला, असे तेथले लोक सांगतात. मला ही हकीकत वाचून आश्चर्यापेक्षा अवघडल्यासारखेच जास्त झाले. समुद्राला जायचे म्हणून थांबलेला जीव दीडशे वर्षे थांबूनच राहिला. घर आणि बिऱ्हाड हे शब्द आपण सरसकट वापरतो, पण बिऱ्हाड म्हणजे वाटेवरचा मुक्काम. भाच्याशी हे बोललो तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “खाणं सुटलं आणि डोळे मोठे झाले की कळेल ना, मामा?”

कळेल. टाकीत दुसरा मासा कधी घातलेला नाही, पाणी याच नदीचे, तेव्हा दुखणे नेऊन अंबेत सोडण्याची भीती कमी. नळांपैकी दोन फुटी नळ मुद्दामच चिकटवलेला नाही. चिपा काढल्या की तो सुटा होतो. सव्वातीन फुटांचा प्राणी दुमडून त्यात मावतो का, ते आम्ही टाकी धुताना पाहिले, मावतो. भाच्याने त्या नळाच्या दोन्ही तोंडांना बसतील अशी सागाची दोन बुचे करून घेतली आहेत, मध्ये पाणी खेळायला भोके पाडून. ती टाकीच्या वर खिळ्याला टांगलेली आहेत. बहीण दर शनिवारी त्यांवरची धूळ पुसते.